शाओमीचा पोर्टेबल पंप आणि ट्यूबलेस किट: स्टेपनी नसलेल्या स्कूटरसाठी

जुन्या बजाज चेतकला स्टेपनी असायची आणि ती पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना चालायची. ॲक्टिव्हा ६जीचं पुढचं चाक १२ इंची, मागचं १० इंची. म्हणजे स्टेपनी दिली असती तरी एकीने भागलं नसतं. ती उणीव बॅटरीवरचा पंप आणि दीड-दोनशे रुपयांचं पंक्चर किट बऱ्यापैकी भरून काढतात. बऱ्यापैकीच, पूर्ण नाही.

शाओमीच्या पंपाचं वजन जेमतेम अर्धा किलो, कमाल दाब १५० पीएसआय. वरच्या खाचेतली नळी ओढून काढली की पंप सुरू होतो, परत खोचली की बंद. सायकल, मोटरसायकल, कार, बॉल असे तयार मोड आहेत आणि एक मोकळा मोड, ज्यात दाब आपला आपण लावायचा. ॲक्टिव्हावाल्यांनी मोकळाच मोड वापरावा. मोटरसायकल मोड १.८ बारच्या, म्हणजे साधारण २६ पीएसआयच्या खाली येतच नाही, आणि ॲक्टिव्हाच्या पुढच्या चाकात २२ भरायची असते. मागे एकट्याला २९, डबलसीट ३६. पुढचं चाक जास्त कडक झालं की खड्ड्यात हँडल उडतं आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते.

नळीचं टोक आट्यांचं आहे. काढताना दोन-तीन फेरे फिरवेपर्यंत हवा फुसफुसतेच, म्हणून आकडा एक-दोन पीएसआय चढा लावावा. मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह सायलेन्सरच्या आड येतो. गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक फिरवा, व्हॉल्व्ह मोकळ्या जागेत आणा आणि मगच नळी लावा. दाब नेहमी थंड टायरवर मोजायचा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आलात तर आकडा वाढलेलाच दिसेल.

आता पंक्चर. खिळा दिसला की लगेच उपटू नका. आधी तो कुठल्या कोनात घुसलाय ते पाहा, किटमधली रबरी स्ट्रिप दाभणाच्या नेढ्यात मधोमध ओवून तयार ठेवा, मग पकडीने खिळा काढा. कानशीसारखा टोचा त्याच कोनात पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. हे काम जड जातं, म्हणून लोक अर्ध्यावर सोडतात आणि मग स्ट्रिप आत जात नाही. सोल्यूशन लावून दाभण दाबा, स्ट्रिपची टोकं सेंटीमीटरभर बाहेर राहू द्या आणि दाभण न पिळता सरळ झटक्यात ओढा. वरचं रबर तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा. हवा भरून साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर दुसरी स्ट्रिप. टायरच्या बाजूच्या भिंतीत भोक असेल तर हा खटाटोप करूच नका. तिथे स्ट्रिप टिकत नाही.

पंप हरतो तो एका ठिकाणी. हवा पार गेलेली असताना गाडी रेटली आणि टायरची कड रिमवरून सुटली, की हा पंप कितीही घरघरला तरी उपयोग नाही. कड परत बसवायला एकदम भरपूर हवा लागते आणि याची धार बारीक आहे. १५० पीएसआयचा आकडा दाबाचा आहे, हवेच्या प्रमाणाचा नाही. अशा वेळी पंक्चरवाल्याचा टाकीचा कंप्रेसरच हवा. म्हणून मागचं चाक डुलतंय असं वाटताच थांबायचं.

कारच्या चारही चाकांत चार-पाच पीएसआय भरून घ्यायला पंप पुरतो, पण मध्ये त्याला थंड होऊ द्यावं लागतं. भरून झाल्यावर नळीचं धातूचं टोक चांगलंच तापलेलं असतं, फडक्याने धरा. आवाजही बराच होतो. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये नको.

पंप कायमचा डिकीत टाकू नका. खाली इंजिन, वर उन्हाळ्यातलं ऊन. लिथियम बॅटरी अशाने लवकर बसते. घरी ठेवा, दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा आणि लांबच्या फेरीलाच सोबत घ्या. किट मात्र डिकीत राहू दे, फक्त सोल्यूशनची ट्यूब अधूनमधून दाबून बघा. एकदा उघडली की ती आतल्या आत वाळते.