दमदमची जुनी की 180 ग्रॅमची नवी?

टर्नटेबल घरात आलंय, ऐकायचे आहेत ते मुख्यतः ख्याल आणि नाट्यपदं, आणि आता पैसे कुठे घालायचे एवढंच ठरायचं आहे असं मी धरून चालतो. एकीकडे चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या वापरलेल्या एलपी (लाँग-प्ले तबकड्या), ज्यांच्या कव्हरच्या मागे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया आणि दमदम (कोलकात्याजवळचा तिचा कारखाना) ही नावं बारीक अक्षरात छापलेली असतात. दुसरीकडे सीलबंद, जाडजूड, नव्याने छापलेल्या आवृत्त्या. मी दोन्ही घेत आलोय, आणि दोन्हींना नावं ठेवायचा हक्क कमावलाय.

नवीचे गुण मान्यच करायला हवेत. सुई ठेवल्यावर गाणं सुरू होण्याआधीची शांतता खरोखर शांत असते. तबकडी धुवावी लागत नाही, कव्हरला कुबट वास येत नाही, आणि आधीच्या मालकाने लेबलवर बॉलपेनने लिहिलेलं नावही सोसावं लागत नाही. तबकडीच्या 180 ग्रॅम वजनाचं मात्र फार कौतुक नको. जाडीमुळे तबकडी सपाट राहायला थोडी मदत होते, पण आवाज ठरतो तो मूळ ध्वनिमुद्रण आणि त्यावरून केलेलं मास्टरिंग, म्हणजे छपाईआधी आवाजावर केलेलं शेवटचं काम, यांवर. किमतीचं म्हणाल तर नव्या एलपीला मी साधारण ₹2,000 च्या पुढेच मोजत आलोय. जुनी, बऱ्या अवस्थेतली ख्यालाची एलपी त्याच्या निम्म्यात मिळते, निदान विक्रेत्याने तुमच्या चेहऱ्यावरची हाव वाचली नाही तर.

जुनीचे दोष दोन प्रकारचे. बुरशी, धूळ, बोटांचे ठसे हा धुता येणारा भाग. डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड आणि लेबल कोरडं ठेवण्याची काळजी, एवढ्यावर भागतं. (78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या त्याहून जुन्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते.) दुसरा दोष धुऊन जात नाही. पूर्वीच्या पेटीवजा प्लेअरांचा सुई धरणारा हात जड असायचा आणि सुई बदलायची असते हे बऱ्याच घरांना ठाऊकच नव्हतं. त्या सुईने खाचा खरवडल्या असतील तर तार षड्जावर आवाज फाटतो, आणि त्यावर इलाज नाही. तेव्हा शास्त्रीय गायनाची जुनी एलपी घेताना सुरुवात ऐकून फसू नका. सुई थेट शेवटच्या इंचात ठेवा, जिथे द्रुत चाललेली असते.

इतपत वाचून नवीच बरी असं वाटलं असेल तर ते स्वाभाविक आहे. माझंही तसंच ठरत आलं होतं, पण मध्ये तानपुरा आला.

एका नव्या आणि महाग आवृत्तीत गाणं सुरू होण्याआधीच तानपुऱ्याचा षड्ज हलताना ऐकू आला. किंचित वर, किंचित खाली, आणि ठरावीक अंतराने. एलपीचा एक फेरा 1.8 सेकंदांचा, हलणंही नेमकं त्याच लयीत. टर्नटेबलचा वेग तपासला, तो ठीक होता. मग सुईकडे नीट पाहिलं तर हात डावी-उजवीकडे डोलत होता. तबकडीचं भोक मध्यावर नव्हतं. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली, तर दुसरी प्रतही तशीच. छापण्याचा साचाच मध्यावरून सरकलेला असला की त्यातून निघणारा प्रत्येक नग सरकलेलाच निघणार.

भोक अर्धा मिलिमीटर बाजूला असलं तर आतल्या खाचांवर सूर वर-खाली मिळून सुमारे दीड टक्का हलतो. बाहेरच्या कडेला त्याच्या निम्म्याहूनही कमी. सा आणि कोमल रे यांच्यातलं अंतर साधारण सहा टक्के. म्हणजे त्या अंतराचा चौथा हिस्सा तबकडी स्वतःच्या मनाने इकडे-तिकडे करते. वाद्यमेळ, कोरस, भरगच्च ठेका असलेल्या चित्रपटगीतात हे खपून जाईल कदाचित. पण दरबारी रागातला गांधार आंदोलित, म्हणजे सावकाश झुलवलेला. गवय्याने त्याला किती झुलवायचं यातच सगळं गाणं, आणि इथे भोक आपलं वेगळं आंदोलन त्यावर चढवतं. खरखर गाण्याच्या बाहेर राहते. कान तिला थोड्या वेळात बाजूला सारतो. हा डोल सुराच्या आत शिरतो, आणि एकदा ऐकू आला की बंद करता येत नाही. यावर मी जरा जास्तच हळवा असेन. माझ्या घरच्यांना तो अजूनही ऐकू येत नाही.

जपानच्या नाकामिची कंपनीने 1980 च्या दशकात तबकडी आपोआप मध्यावर आणणारं टर्नटेबल काढलं होतं, म्हणजे हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही. काही जण भोक कानशीने थोडं मोठं करून तबकडी हाताने सरकवतात. माझी हिंमत झालेली नाही.

दमदमच्या सगळ्या तबकड्या बिनचूक असतात असं मुळीच नाही. सरकलेल्या जुन्यांतही भेटतात. फरक एवढाच की जुनी विकणाऱ्याकडे बहुधा एखादं खटारा मशीन असतं, त्यावर लावून हात डोलतोय का ते पैसे देण्याआधी बघता येतं. नवी सीलमध्ये असते, आणि सील फोडलं की बहुधा ती तुमचीच.

मोहांबद्दल थोडं. जुन्या एलपींवरचे क्रमांक एकदा वाचायला लागलात की सुटका नाही. ईएएलपी आणि ईसीएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी आणि ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ, आणि स्टिरिओला विक्रेता जास्त मागतो. एक गायक, तबला, सारंगी किंवा पेटी एवढ्यासाठी मोनोने काहीही बिघडत नाही. कव्हर देखणं आहे म्हणून घेतलेली एलपी सहसा एकदाच वाजते. 78 च्या वाटेला सध्या जाऊच नका. त्यांच्या रुंद खाचांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते आणि मग खर्चाला अंत नाही.

तेव्हा चित्रपटसंगीत हवं असेल, किंवा धुण्या-पुसण्याचा कंटाळा असेल, तर नवी खुशाल घ्या, पण बदलून मिळेल का ते आधी विचारून. ख्यालासाठी मी जुन्यांकडेच वळेन. किशोरीताई आमोणकरांची जौनपुरी आणि पटबिहागची एलपी अजून बऱ्यापैकी सापडते, सुरुवात तिथून करायला हरकत नाही. अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची, क्रमांक ईएएलपी 1253, दिसलीच तर दरबारीची बाजू शेवटपर्यंत ऐकून घ्या. आणि नको असेल तर विक्रेत्याला बाजूला ठेवायला सांगून मला कळवा. माझ्या प्रतीची तीच बाजू घासलेली आहे.