डी. फार्म.च्या ट्रेनिंगसाठी नागपूरच्या धंतोलीतलं मेडिकल: साडेतीन स्टार

डी. फार्म.च्या, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाच्या, शेवटी किमान तीन महिन्यांत 500 तासांचं ट्रेनिंग असतं, आणि त्यातले निदान 250 तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात जायला हवेत. कागदावर. माझ्या वर्गातले कितीतरी जण नुसते खोके उचलतात अन् शेवटी सही-शिक्का घेऊन येतात. म्हणून या दुकानाबद्दल लिहितेय. तक्रारीही आहेत, त्यामुळे नाव टाकत नाही. धंतोलीत पावलोपावली हॉस्पिटल, तेव्हा चिठ्ठ्यांना तोटा नाही.

मालक काका स्वतः फार्मासिस्ट आणि दिवसभर काउंटरवर हजर. पहिला धडा कात्रीचा. सोबतच्या पोराने पट्टीतल्या चार गोळ्या नेमक्या बॅच नंबर अन् एक्स्पायरीच्या बाजूने कापून दिल्या. काका म्हणाले, "काहून बाप्पा, आता उरलेल्या सहा कधी संपते ते मी पंचांगात पाहू का?" समोर गिऱ्हाईक उभं. मुद्दा बरोबर होता, पण चारचौघांत असं बोलणं मला पटलं नाही. पोरगा दिवसभर कात्रीला शिवला नाही.

दुपारचे काका वेगळेच. मे महिन्यात दोन ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हा ते स्टुलावर बसून पेशंट होतात आणि आपण औषध समजावून द्यायचं. ग्लायकोमेट आणि ग्लायकोमेट जीपी या शुगरच्या गोळ्यांत फरक काय? दुसऱ्यात ग्लिमेपिराइड असतं, उपाशीपोटी घेतली तर शुगर खाली जाऊ शकते. मी "जेवणाआधी घ्या" म्हणून थांबले, तर लगेच, "अन् आज माही एकादशी असली तं?" कॉलेजच्या व्हायवात असा प्रश्न कोणी विचारत नाही. शेवटी काय छान जमलं आणि काय राहिलं, हे नीट, आवाज न चढवता सांगतात. स्टेरॉइडचा इनहेलर देताना चूळ भरायला सांगितलं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून.

एच-वन रजिस्टरची, म्हणजे काही अँटिबायोटिक्स, झोपेच्या गोळ्या अशा औषधांच्या विक्रीच्या वहीतली, नोंद ते शेजारी उभं राहून तपासतात. इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये पाण्याची बाटली दिसली की मात्र खैर नाही, बाहेर पंचेचाळीस डिग्री असो.

दीड स्टार कापला तो ट्रेनिंगच्या लॉगबुकसाठी. तोंडी इतकं बारीक सांगणारा माणूस लिहिताना सगळ्यांना "समाधानकारक" एवढंच लिहितो. स्टायपेंड नाही. एका वेळी दोघांनाच घेतात, कॉलेजचं पत्र घेऊन दुपारीच जा.