पितळी भाग जोडायला सुपरग्लू की सोल्डर?

‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेच्या १/३५० प्रमाणातल्या प्लास्टिक मॉडेलचं पितळी रेलिंग डेकवर बसवताना सुपरग्लूच हवा, कारण सोल्डरिंगच्या (वितळवलेल्या धातूने सांधण्याच्या) उष्णतेने प्लास्टिक वितळतं. ग्लू मध्यम दाट घ्या आणि सुईच्या टोकाने दर ८-१० मिमीवर टिपका ठेवा. पातळ ग्लू थेट नळीतून सोडला तर तो जाळीत चढतो, गज बुजतात. शिवाय त्याची वाफ बसून आजूबाजूला पांढुरकी झाक येते. आणि वाळलेला सांधा आडव्या धक्क्याला चटकन तुटतो.

क्रेनसारख्या पितळाला पितळ जोडायच्या भागांना मात्र सोल्डरच. दुमडलेल्या पितळी पत्र्याच्या घडीच्या आतून फ्लक्स (धातू स्वच्छ करून सोल्डर पसरू देणारं रसायन) लावायचा, खसखशीएवढा सोल्डरचा तुकडा ठेवायचा, सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक बाहेरून टेकवायचं. सोल्डर वितळून फटीत आपोआप ओढलं जातं. वाकडं बसलं तर पुन्हा तापवून सरळ करता येतं, ही त्याची खरी श्रीमंती! धोका दुसऱ्या सांध्याच्या वेळी असतो: उष्णता धातूतून पसरून पहिला सुटतो. पहिल्या सांध्यावर ओल्या टिश्यूचा बोळा ठेवला की तो टिकतो. फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवाच, नाहीतर पितळ हिरवं पडून रंग सुटतो. भाग पितळेऐवजी स्टेनलेस स्टीलचे असतील तर साधा रोझिन (राळेचा) फ्लक्स चालत नाही. आम्लयुक्त फ्लक्स नसेल तर ग्लूच वापरा.