महिन्याचं वाणसामान: डीमार्ट की गल्लीतला वाणी?

नवीन संसार मांडलेले किंवा बदली होऊन पुण्यात आलेले लोक हमखास विचारतात की महिन्याचं सामान डीमार्टमधून भरायचं का खालच्या वाण्याकडून, आणि खरंच काही फरक पडतो का. मी दोन्हीकडून बरीच वर्षं सामान भरलंय म्हणून लिहितोय. आम्ही घरात पाच माणसं, त्यात दोन शाळेत जाणारी पोरं आणि आई, सिंहगड रोडच्या बाजूला राहतो, वाणी अगदी चालत दोन मिनिटांवर आणि स्वस्तातलं मोठं दुकान चारेक किलोमीटरवर. हिशोब या घराचा आहे, तुमच्याकडे माणसं कमी असतील किंवा दुकान लांब असेल तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

पहिली गोष्ट म्हणजे मोठ्या दुकानाच्या बिलाखाली 'तुमची बचत इतके रुपये' असं छापून येतं त्याच्यावर जाऊ नका. ती बचत एमआरपीच्या तुलनेत काढलेली असते आणि एमआरपीने सगळ्याच वस्तू कुणी विकत नाही. खाद्यतेलाच्या पाऊचवर जी किंमत छापलेली असते त्या किंमतीला आमचा वाणीपण तेल विकत नाही, तो त्याच्यापेक्षा बराच खाली देतो, तसंच काजू-बदामाच्या पाकिटांचं. म्हणजे बिलावर तेलात तीस रुपये वाचले दिसले तरी वाण्याच्या तुलनेत पाच-सातच वाचलेले असतात, कधी तेवढेही नाही. उलट साबण, टूथपेस्ट, कपड्याची पावडर, भांड्याचं लिक्विड, फरशीचं फिनेल, चहापावडरचं मोठं पाकीट, मुलांचं दुधात घालायचं पावडरवालं काय असेल ते, हे सगळं वाणी बहुतेक एमआरपीलाच लावतो, फार तर मोठ्या पाकिटावर पाच रुपये सोडतो. खरा फरक इथे पडतो आणि तो दर महिन्याला पडतो. आमचं सामान साधारण सात-आठ हजाराचं होतं आणि त्यात वाण्याच्या तुलनेत सातशे ते नऊशेपर्यंत फरक येतो असा माझा अंदाज आहे, त्यातला निम्म्याहून जास्त फक्त साबण-पावडर-लिक्विडमधला. ज्यांच्या घरी ह्या वस्तू कमी लागतात त्यांना एवढा फरक दिसणार नाही.

स्वस्त का मिळतं हे समजलं की काय कुठे घ्यायचं ते ठरवायला सोपं जातं. राधाकिशन दमाणींनी पहिलं डीमार्ट २००२ साली पवईला काढलं, त्याच्याआधी नेरुळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून बघितली होती, म्हणजे १९४८ साली नायगावात कामगारांसाठी सुरू झालेल्या सहकारी दुकानाच्या शाखेवर त्यांनी हा धंदा समजून घेतला. त्यांनी दोन गोष्टी पक्क्या धरल्या. बहुतेक दुकानांची जागा स्वतःच्या मालकीची किंवा लांबच्या लीजवरची घ्यायची म्हणजे दर महिन्याचं भाडं डोक्यावर नाही, आणि माल देणाऱ्या कंपन्यांचे पैसे लवकर द्यायचे म्हणजे ते दर कमी लावतात. वाणी बिचारा डिस्ट्रिब्युटरकडून दोन पेट्या उचलतो, त्याला तो दर मिळणं शक्यच नाही, यात त्याची लबाडी वगैरे काही नाही. आणि म्हणूनच फरक कंपनीच्या पॅकबंद मालात दिसतो, धान्यात तेवढा दिसत नाही.

धान्य-कडधान्यात तर मी म्हणेन वाण्याचं पारडं जड आहे. जुलै २०२२ पासून पॅकबंद आणि लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, पीठ, गूळ यांच्या २५ किलोपर्यंतच्या पाकिटांवर ५ टक्के जीएसटी लागतो, सुट्ट्यावर लागत नाही, त्यामुळे वाण्याच्या पोत्यातली सुट्टी तूरडाळ तिथेच थोडी पुढे असते. शिवाय तो मूठभर हातावर घेऊन दाखवतो. लातूरकडची फटका डाळ वेगळी, तेलाचा हात लावून चकचकीत केलेली वेगळी, शिजायला कोणती लवकर आणि कोणती वरणात एकजीव होत नाही हे तो सांगतो आणि बरोबर सांगतो. तांदळाचंही तेच, इंद्रायणी नवा आहे का जुना हे पाकिटावरून कळत नाही, नवा असला तर भाताचा गोळा होतो. आईचं म्हणणं असं की गहू तर कुठल्याच दुकानातून महिन्याच्या महिन्याला घेऊ नये, एप्रिल-मेमध्ये मार्केट यार्डाच्या भुसार विभागातून लोकवन किंवा सिहोरकडचा शरबती वर्षाचा एकदाच भरावा, ऊन दाखवून कोठीत ठेवावा. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी हे जरूर करावं, त्यात जेवढं वाचतं तेवढं कुठल्या ऑफरमध्ये वाचत नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला ती सांगतो. वाण्याची चिठ्ठी.

आम्ही यादी द्यायचो, संध्याकाळी पोऱ्या खोकं घेऊन वर यायचा आणि खोक्यात वर एक चिठ्ठी. अगरबत्तीच्या किंवा सिगारेटच्या पुठ्ठ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेनाने आकड्यांची एक उभी रांग, ३१०, १४८, ९२, ६०, ६०, ४५, खाली आडवी रेघ आणि बेरीज. वस्तूचं नाव नाही, दर नाही, वजन नाही. यादी वीस-बावीस वस्तूंची असेल तर आकडे कधी बरोबर तेवढेच, कधी एखादा कमी कारण दोन वस्तू त्याने एकत्र धरलेल्या. आता ३१० म्हणजे दोन किलो तूरडाळ असणार हे कळतं, पण ९२ कशाचे? रवा आणि मैदा मिळून, का शेंगदाणे अर्धा किलो? बेरीज कायम बरोबर असायची, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही, माणूस सचोटीचाच आहे. पण मागच्या महिन्यापेक्षा बिल चारशेने का वाढलं हे मला कधीच सांगता यायचं नाही. बायकोने विचारलं, "शेठ, शेंगदाणे काय भावाने लावले?" तर उत्तर यायचं, "वहिनी, सगळ्याचेच भाव वाढलेत, तुम्हाला जास्त नाही लावत." आणि ते खरंही असेल, पण मला भाव हवा होता. दोन-तीनदा विचारल्यावर विचारायलाच संकोच वाटायला लागतो, रोज समोर भेटणारा माणूस, त्याला वाटायला नको की आपण संशय घेतोय. हा जो संकोच आहे ना, तो मला सगळ्यात जास्त खुपायचा, कारण पैसे माझे आणि ते कुठे गेले हे विचारायचीच चोरी.

त्याच्या उलट मोठ्या दुकानाचं लांबलचक बिल. एकेका ओळीत वस्तूचं नाव, किती नग किंवा किती वजन, दर, रक्कम, आणि खाली जीएसटी टक्क्यांप्रमाणे वेगळा काढलेला. कागद थर्मल असतो, दोन-तीन महिन्यांत अक्षरं उडतात, म्हणून मी घरी आल्याआल्या फोटो काढून ठेवतो. मागच्या वर्षी दिवाळीला शेंगदाणे काय भावाने घेतले, खोबरं केव्हापासून चढलं, चहापावडर कधी बदलली, सगळं त्या फोटोंमध्ये सापडतं आणि त्यावरून मी ठरवू शकतो की या महिन्यात खोबरं अर्धा किलोऐवजी पाव किलो घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा तर हे फारच जाणवलं. साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसाचं तेल, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली, तूप-लोणी १२ वरून ५ वर. छापील बिलात तो टक्का आणि उतरलेला दर दोन्ही ओळीओळीने दिसत होते. पुठ्ठ्यावरच्या आकड्यांत तो फरक उतरला का नाही हे कळायला काही मार्गच नव्हता, उतरला असेलही, पण मला दाखवता येत नव्हता आणि त्यालाही. महागाईत घर चालवताना ही माहिती हातात असणं मला पाच टक्के डिस्काउंटपेक्षा मोलाचं वाटतं. कुणाला हे फार बारीक वाटेल, ज्यांना बेरीज बरोबर असली की पुरतं त्यांचंही बरोबरच आहे.

तेलाच्या पाऊचचं एक जाताजाता सांगतो कारण दुकान कुठलंही असो उपयोगी पडेल. पाऊच सगळे एका आकाराचे दिसतात पण एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, आणि हल्ली ८५०, ८७० ग्रॅमचे पाऊचही शेजारीच लावलेले असतात. वरून पाच-सात रुपये स्वस्त वाटतात आणि ग्रॅममागे महाग पडतात. पाकिटावर आता एका ग्रॅमची किंवा मिलीची किंमतही छापायची असते, एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात, ती एमआरपीवरून काढलेली असली तरी तिथे बघायची सवय लावून घ्या. डब्याचंही तसंच, १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा यात सव्वा किलोच्या वर फरक आहे.

मोठ्या दुकानाचे त्रास आहेतच, नाहीत असं म्हणणार नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी जायचंच नाही, ट्रॉलीला ट्रॉली लागते, बिलाच्या रांगेत तास जातो आणि पोरं कंटाळून रडकुंडीला येतात. रॅकवर लावलेला दर आणि बिलात आलेला दर वेगळा असंही एका ठिकाणी आमच्या बाबतीत झालंय, काउंटरवर दाखवल्यावर दुरुस्त करून दिलं, पण दाखवायला आपलं लक्ष पाहिजे. आणि सगळ्यात मोठा धोका वरच्या मजल्याचा. डबे, बादल्या, चादरी, मुलांचे टीशर्ट, सगळं स्वस्त आणि सगळं समोर, पण यादीत काहीच नाही. किराण्यात आठशे वाचवून वर बाराशेचे डबे घेतले तर त्याला बचत म्हणता येत नाही. आम्ही नियम केलाय की वरच्या मजल्यावर फक्त ठरवून जायचं, दिवाळीच्या आधी किंवा शाळा सुरू व्हायच्या आधी. जाण्यायेण्याचा खर्चही धरा, रिक्षाने चार किलोमीटर जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास जातात, म्हणजे महिन्यातून एकदाच गेलात तर परवडतं, दर आठवड्याला गेलात तर सगळी बचत रिक्षात जाते.

मोबाईलवरून दहा मिनिटांत सामान येतं त्याबद्दल फार लिहीत नाही. अडीनडीला ठीक आहे, पण डिलिव्हरीचे, हँडलिंगचे, पावसाचे असे वेगवेगळे चार्जेस लागतात आणि पाकिटं छोटी असतात, महिन्याचं सामान भरायला मला ते पटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायचीय. ज्यांचा पगार एक तारखेला बँकेत पडत नाही, रोजच्या रोज किंवा आठवड्याला हातात पैसे येतात, त्यांच्यासाठी वाणीच स्वस्त आहे, मग मोठ्या दुकानात दर कितीही कमी असू दे. तो वहीत लिहून ठेवतो आणि बिनव्याजी थांबतो. दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांची चहापावडर सुट्टी देतो. लॉकडाऊनमध्ये आमच्याच गल्लीत कितीतरी घरं त्याच्या वहीवर चालली, हे विसरून चालणार नाही. म्हणून ज्यांना मी मोठं दुकान सुचवतो त्यांनाही सांगतो की वाणी तोडू नका.

तर आमच्याकडे सध्या असं चालतं. दहा तारखेनंतरच्या एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी, मुलं शाळेत असताना, एक फेरी मोठ्या दुकानात. साबण-पावडर, टूथपेस्ट, तेल, साखर, चहा, पोहे-रवा, तूप, बिस्किटं सगळं तिथून. तूरडाळ, मूगडाळ, इंद्रायणी, गूळ आणि मधे संपलेलं काहीही वाण्याकडून, तेही यादी न पाठवता स्वतः जाऊन, एकेक वस्तू भाव विचारून, कारण चार-पाच वस्तू असल्या की भाव विचारायला संकोच वाटत नाही आणि त्यालाही सांगायला वेळ असतो. तुम्हाला एकच जागा निवडायची असेल, घरात चार-पाच माणसं असतील आणि पगार ठराविक असेल तर मी मोठ्या दुकानाकडेच बोट दाखवीन. पहिल्या महिन्यात एवढं करून बघा, दोन्हीकडच्या तुमच्या नेहमीच्या दहा वस्तूंचे भाव एका कागदावर शेजारीशेजारी लिहा, वजनासकट. वाण्याकडे ते दहा भाव तुम्हाला सहज मिळाले तर तुमचा वाणी आमच्यापेक्षा बरा, मग चार किलोमीटर जायची तुम्हाला कदाचित गरजही पडणार नाही.