ई-सायकल झटका देत निघते: रेझिस्टर, कपॅसिटर की कंट्रोलरच बदलायचा?

घरी किट बसवून केलेल्या ई-सायकलची मूठ जरा पिळली की ती उधळते. तक्रार एकच, पण दुखणी दोन असतात: एक थ्रॉटलचं (म्हणजे वेग ठरवणाऱ्या मुठीचं), दुसरं कंट्रोलरचं (म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज मोजून देणाऱ्या डब्याचं). आपलं कुठलं हे कळेपर्यंत खिशात हात घालू नका.

मागचं चाक अधांतरी करा आणि थ्रॉटलच्या सिग्नलच्या तारेवर मल्टीमीटर लावा. हॉल सेन्सरचा (चुंबकावरून फेरा ओळखणारा) थ्रॉटल साधारण ०.८ ते ४.२ व्होल्ट देतो. समजा तुमचा कंट्रोलर १.२ ला जागा होतो आणि ३.६ लाच पूर्ण जोर लावतो. मग मुठीचा पहिला १२ टक्के फेरा वाया, शेवटचा १८ टक्केही वाया, आणि सगळा कारभार मधल्या ७० टक्क्यांत. चाक किती सुसाट फिरतं यावरून मात्र काही ठरवू नका. भार नसताना चांगला कंट्रोलरही तसाच वागतो.

दुखणं एवढंच असेल तर दोन रेझिस्टर पुरतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चहाच्या पैशांत मिळतील. सिग्नलच्या तारेत १.८ किलोओहमचा घाला आणि त्याच्या पुढे, कंट्रोलरच्या बाजूला, १० किलोओहमचा ग्राउंडला जोडा. व्होल्टेज ८५ टक्क्यांवर येतं आणि कामाचा फेरा ७० वरून ८२ टक्के होतो. सुरुवातीचा रिकामा भाग थोडा वाढतो, पण तो खटकत नाही. कंट्रोलरच्या आतही ग्राउंडकडे जाणारा रेझिस्टर असू शकतो, म्हणून जोडल्यावर पुन्हा मोजा. वरचं टोक ३.६ च्या फार खाली गेलं तर टॉप स्पीड जाईल.

कपॅसिटरचा उपाय बरेच जण सुचवतात. मला तो उघडावाघडा अजिबात पसंत नाही. १ किलोओहम आणि ४७० मायक्रोफॅरड लावले की सायकल गुळगुळीत निघते खरी, पण मूठ सोडल्यावरही सिग्नल लगेच खाली येत नाही. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर ३.६ वरून १.२ वर यायला जवळपास ०.९ सेकंद लागतो. ताशी २५ किलोमीटर वेगात तेवढ्यात सहा मीटर जातात, आणि तोवर मोटर ढकलतच असते. रेझिस्टरला समांतर डायोड (वीज एकाच दिशेला जाऊ देणारा भाग) लावून हे सुटतं, पण तो कमी व्होल्टेज अडवणारा, शॉट्की जातीचा हवा. साधा सिलिकॉन डायोड ०.६ व्होल्ट अडवतो, म्हणजे सिग्नल १.४ ला येऊन रेंगाळतो आणि मोटर काही वेळ चालूच राहते.

आता दुसरं दुखणं. किटमधले स्वस्त कंट्रोलर मुठीवरून मोटरला किती व्होल्टेज द्यायचं ते ठरवतात. उभ्या सायकलची मोटर उलट व्होल्टेज तयार करत नाही, त्यामुळे अडवायला फक्त वाइंडिंगचा, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांचा, रोध उरतो. ४८ व्होल्टचे १० टक्के म्हणजे ४.८; रोध ०.२ ओहम धरला तर २४ अँपिअर! मूठ कितीही हळू पिळा, पहिला धक्का बसतोच. इथे रेझिस्टर नुसती मलमपट्टी.

यावर फुकटचा उपाय आधी करून बघा. केटी कंपनीचा कंट्रोलर असेल तर डिस्प्लेतलं सी-५ सेटिंग १० वरून खाली आणा, कमाल करंट घटतो. धक्का सौम्य होतो, पण कात्रजच्या चढावर मोटर धापा टाकेल. कंट्रोलर आहे तोच ठेवायचा असेल तर व्हँकूव्हरच्या ग्रिन कंपनीचा डिस्प्ले, सायकल अ‍ॅनालिस्ट थ्रॉटल आणि कंट्रोलर यांच्या मध्ये बसतो. सिग्नल किती वेगाने चढावा आणि किती वेगाने उतरावा हे त्यात वेगवेगळं ठरवता येतं, मुठीला थेट करंट किंवा वॅट मागायलाही लावता येतं. अर्डुइनो आणि डीएसी चिप (आकड्यांचं व्होल्टेज करणारी) जोडून, मूठ किती पिळली की किती सिग्नल जावा याचा वक्र स्वतःही घडवता येतो. हौस असेल तर जरूर करा, पण त्या प्रोग्रॅमवर तुमचे गुडघे अवलंबून आहेत.

२५० वॅटच्या हब मोटरसाठी मी इथेच थांबेन. १००० वॅटच्या मोटरला मात्र एफओसी कंट्रोलरच घ्यावा, म्हणजे मुठीवरून व्होल्टेज नव्हे तर मोटरचा करंट ठरवणारा; व्हीईएससी नावाचा किंवा तत्सम. सेटिंगला डोकं लावावं लागतं, मोटरची मापं नीट घेतली नाहीत तर ती कुरकुरते. पण मूठ पिळली तेवढाच जोर मिळतो, आणि मुंगीच्या पावलाने निघता येतं.

अंगठ्याचा थ्रॉटल की मुठीचा? मुठीला फेरा जास्त, पण खड्ड्यात मनगट हललं की तीही हलते. आपल्या रस्त्यांवर अंगठ्याचाच बरा.

काहीही जोडा, ग्राउंडच्या तारेचा सांधा पक्का करा. ती तुटली तर सिग्नल ५ व्होल्टकडे चढू शकतो. काही कंट्रोलर हे ओळखून बंद पडतात, सगळे नाही. चाक अधांतरी ठेवून, हात ब्रेकवर ठेवून, ती तार एकदा काढून बघा. मोटर सुटली तर ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे कट-ऑफ स्विच बसवल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नका.