बचत गटाचं कापडी पॅडचं किट आणि सोबतचा तास : शाळेच्या बाईंकडून

बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी विज्ञान शिकवते. दसरा झाला की आमचे बरेचसे पालक कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुली आजीपाशी किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावरच जातात. हे आधी सांगते, कारण मुलगी कुठे राहते ते कळल्याशिवाय तिच्यासाठी कुठलं पॅड बरं, हे सांगता येत नाही.

शेजारच्या गावातला महिला बचत गट हे किट शिवतो. तीन मोठी पॅड, दोन लहान, ओलं पॅड ठेवायला मेणकापडाची पिशवी, सगळं मिळून २५० रुपये. शाळेनं एकदम मागवलं तर गटातल्या दोघी ताई येऊन मुलींचा पाळीवरचा तासही घेतात, त्याचे पैसे नाहीत.

शिवण पक्की आहे, टिचबटणं सुटत नाहीत. ताईंनी टेबलावर पॅड पसरून त्यावर पेलाभर रंगाचं पाणी हळूहळू ओतलं आणि मुलींना खालून हात लावायला सांगितला. कोरडं! तोवर ओढणीआड खुसुखुसु हसणारी मागच्या बाकावरची पोरगी उठली आणि पेला स्वतःच्या हातात घेऊन म्हणाली, "ताई, आता कडंला ओतते." कडेलाही टिकलं.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. कापड काळं-मरून, फुलाफुलांचं. डाग दिसत नाही म्हणून मुली खूश, पण डाग दिसलाच नाही तर नीट निघाला की नाही हे कळणार कसं? शिवाय सगळे थर एकत्र शिवल्यामुळे पावसाळ्यात पॅड आतून दमट राहतं, आणि तेच पुन्हा वापरलं की खाज-पुरळ ठरलेली. घडी उलगडून वाळवता येणारा नमुना गटाकडे आहे. तो मुद्दाम मागावा लागतो, आपणहून दाखवत नाहीत.

तास मात्र किटपेक्षा सरस. आधी गार पाणी, मग साबण, गरम पाण्यानं डाग बसतो, हे त्यांनी बादली घेऊन करून दाखवलं. वाळत घालायचं ते उन्हात, परकराखाली लपवून नाही. त्यावर वसतिगृहातली एक म्हणाली, दोरी पटांगणात आहे आणि तिथं मुलं खेळतात. ताईंनी तास तिथंच थांबवला, मुख्याध्यापकांना बोलावलं, आणि गच्चीवर मुलींसाठी वेगळी दोरी बांधून घेतली. पुढच्या महिन्यात येऊन दोरी आहे का तेही पाहून गेल्या. पाहुणे भाषण ठोकून, फोटो काढून जातात त्याची आम्हाला सवय, त्यामुळे याचं फार अप्रूप वाटलं.

सातवीतल्या एकीनं विचारलं, "पिशवी काढली की पाळीची कटकटच जाते ना?" आमच्याकडे हा प्रश्न पोरी घरातूनच घेऊन येतात. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, तो जिल्हा हाच. ताई गडबडल्या नाहीत. गर्भाशय म्हणजे सडका दात नाही, दुखलं की उपटायला, असं म्हणाल्या. मग अंगावरून जाणं, पोटात दुखणं यावर आधी कुठले उपचार असतात ते शांतपणे सांगितलं. स्वतःची पिशवी तिशीतच काढली आणि तेव्हापासून कंबर धरते, हेही लपवलं नाही.

एक तक्रार उरते. फडावर जाणाऱ्या मुलींनाही गट हेच किट खपवतो. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, प्यायच्या पाण्याची मारामार, आडोसा नाही, तिथं पॅड धुणार कुठं? त्यांना वापरून टाकायचीच पॅड द्यावीत. २०१८ च्या महिला दिनी सुरू झालेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांत ठेवलं होतं, तेही बचत गटांमार्फतच. आता जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड रुपयाला एक आहे, पण त्यासाठी कुणीतरी तालुक्याला जाऊन आणायला हवीत. तेवढं आम्ही शिक्षिका वर्गणी काढून करतो.

घरी किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलींसाठी पाचपैकी चार. मागणी मात्र गणपतीच्या आत नोंदवा. शिवणाऱ्यांतल्या निम्म्या जणीही दसऱ्यानंतर तोडीला जातात, मग संक्रांत उलटली तरी किट हाती येत नाही.