साइन्खो नामचिलाक: सात महिने, एक सीडी आणि व्हॉल्यूमचा नॉब

गेल्या आठवड्यात अँप्लिफायरचा व्हॉल्यूम नॉब फिरवला की खरखर यायला लागली, म्हणून हे लिहायला बसलो. नॉब इतका झिजवला एकाच सीडीने: साइन्खो नामचिलाक या गायिकेची 'लॉस्ट रिव्हर्स'. 1991 चं ध्वनिमुद्रण, बर्लिनची एफएमपी ही ध्वनिमुद्रिका कंपनी, नुसता गळा, साथीला कुणी नाही. जुनी प्रत टपालखर्चासकट 1800 रुपयांना पडली. साइन्खो रशियातल्या तुवा प्रांताची, तिचा जन्म 1957 चा, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक असेलच.

माझी तक्रार एकच: आवाजाची पातळी. कुजबुज ऐकू यावी म्हणून नॉब वाढवावा, तर पुढच्याच क्षणी किंकाळी. एकदा रात्री शेजारच्या काकू घाबरून दारात आल्या, "अहो, सगळं ठीक आहे ना?"

मग सीडी फोनवर उतरवून घेतली आणि आवाज सारखा करणारं सेटिंग लावलं. दोन महिने तसंच ऐकलं आणि मित्राला सांगितलं, एकसुरी आहे. ते मत मी मागे घेतो. सेटिंग काढलं, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, नॉबला हात लावायचा नाही असं ठरवलं. तेव्हा कुठे ओठ सुटतानाचा बारीक आवाजही कानावर आला. किंकाळी त्या कुजबुजीतूनच वर येते, हे तेव्हा कळलं.

तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलतो. तुवाचे गायक गळ्यातला असा एखादा स्वर जिभेच्या वळणाने वेगळा काढतात. सिगित या गायनप्रकारात तो शिट्टीसारखा वर तरंगतो. करगिरा या प्रकारात स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांनाही कंप देतात आणि मूळ स्वराखाली आणखी एक सप्तक उघडतं. बाईने हे गाऊ नये, तिला मूल होण्यात अडचण येते, अशी तिकडे समजूत होती. साइन्खोने तोच गळा युरोपच्या मुक्त जॅझमध्ये, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं वाजवण्याच्या संगीतात, नेला. 'मार्स साँग' या अल्बममध्ये ती इव्हान पार्करच्या सॅक्सोफोनसमोर उभी आहे. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता नॉबची दुरुस्ती. दुकानदाराने हीच सीडी लावली, तिचा घसा खरडणारा आवाज ऐकला आणि म्हणाला, "स्पीकरचा पडदा फाटलाय, 3500 होतील." मी सीडी काढून नुसता नॉब फिरवून दाखवला. खरखर फक्त फिरवतानाच येत होती, म्हणजे धूळ नॉबच्या आत. तरी तपासणीचे 300 घेतलेच, त्याचा राग अजून आहे. घरी कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला, नॉब पंचवीसेक वेळा इकडून तिकडे फिरवला. खरखर गेली.

नव्याने ऐकणाऱ्यांनी आधी तिची 'स्टेपमदर सिटी' ही सीडी घ्यावी. तिथे ठेका आहे, धरायला चाल आहे. माझे 1800 वसूल झाले. नॉबशेजारी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिलाय, 'लॉस्ट रिव्हर्स' लावली की नॉबचा काटा तिथेच असतो.